मामंजींचं नाक आणि बारमाही परडं

माझे सासरे फौजेत स्वयंपाकी होते. फौजेत त्या कामाला लांगरी म्हणतात, पण आमच्या गावात त्यांना कुणी लांगरी म्हटलेलं मी कधी ऐकलं नाही. सगळे ‘उस्ताद’ म्हणायचे. पेन्शनीवर आल्यावर वडूजच्या आसपासच्या गावांत कुठंही मोठं जेवण असलं की त्यांना बोलावणं यायचं. ते जायचे, कढईजवळ उभे राहायचे, पण चव कधी घ्यायचे नाहीत. पंगत बसायच्या आधी तोंडात काही घालायचं नाही, हा त्यांच्या आईनं लावलेला नेम. ते वाफेत नाक धरायचे, क्षणभर डोळे मिटायचे आणि सांगायचे, “मूठभर मीठ टाक. आन् आलं कच्चं हाय अजून, पाच मिन्टं थांबा.” मी लग्न होऊन आल्यापासून त्यांचा अंदाज चुकलेला पाहिला नव्हता.

मी त्यांना मामंजी म्हणते. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेलेल्या. नवरा फौजेत, मुलगी सांगलीला माझ्या माहेरी राहून शिकते. त्यामुळं वर्षाचे दहा महिने घरात आम्ही दोघंच. मामंजी फारसं बोलत नाहीत. पण मी चुलीवर आमटी ठेवली की ओसरीवरनं आवाज यायचा, “पोरी, फोडनी करपली.” आधीआधी मला राग यायचा. नंतर त्या आवाजाची सवय झाली.

त्या साली गावात तापाची साथ आली. आम्ही दोघंही आजारी पडलो आणि पंधरा दिवसांत उठलो. मला वाटलं, सुटलो. मामंजींनी मात्र एक गोष्ट माझ्यापासून लपवली. ओसरीवरनं फोडणीबद्दलचा आवाज येईनासा झाला होता, तेही माझ्या ध्यानात आलं नाही. मला वाटलं, माझाच हात सुधारला.

पुढं चैत्रात गावची जत्रा आली. रश्श्याच्या कढया नेहमीप्रमाणे मामंजींच्या हवाली. पंगती उठल्या, पण दरवर्षीसारखं कुणी कढईजवळ येऊन ‘उस्ताद, झकास’ म्हणालं नाही. लोक हात धुऊन मुकाट्यानं निघून जात होते. शेवटी त्यांच्याच पलटणीतला एक म्हातारा सोबती जवळ आला. हे दोघं एकमेकांना कधी खोटं सांगत नाहीत.

“उस्ताद,” तो म्हणाला, “खोबरं खवट हुतं गड्या.”

मामंजींचा चेहरा मी लांबून बघत होते. कुणीतरी भर चौकात टोपी उडवावी तसा झाला तो. खवट खोबऱ्याचा वास मैलावरनं येतो. त्यांनी स्वतःच्या हातानं ते भाजलं होतं आणि वाटायला दिलं होतं.

घरी आल्यावर त्यांनी झारा आणि डाव घासले, पुसले, फडक्यात बांधले आणि माळ्यावर ठेवून दिले. मी लसणाच्या दोन पाकळ्या ठेचल्या आणि तळवा त्यांच्या नाकाशी नेला.

“काय येतंय?”

“कायच न्हाई.”

“कवापास्नं?”

“तापातनं उठलो तवापास्नं.” मग म्हणाले, “जेवन म्हंजे माती चावल्यागत लागतंय, पोरी. तुला वाईट वाटंल म्हनून गिळत हुतो.”

तेव्हा मी नीट बघितलं, तर बंडी त्यांच्या अंगावर खुंटीला अडकवल्यासारखी लोंबत होती.

साताऱ्याला कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवलं. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पण घाई नव्हती त्यांना. म्हणाल्या, “औषधापेक्षा सराव महत्त्वाचा. चार वेगवेगळे उग्र वास निवडा. सकाळ-संध्याकाळ, एकेक करून, हळू हुंगायचे. हुंगताना तो वास पूर्वी कसा यायचा हे आठवायचं. नाकाला परत शिकवायचं. सहा महिने लागतील, वर्ष लागेल. येईलच असं मी सांगत नाही. पण एकही दिवस खाडा करू नका.” तेलाच्या छोट्या बाटल्या मिळतात, त्या घेतल्या तरी चालतील, असंही त्या म्हणाल्या.

गाडीत बसल्यावर मामंजी म्हणाले, “बाटल्या नगंत. अत्तर लावून फिरायचं वय ऱ्हायलं न्हाई माजं. हुंगायचंच असंल तर जित्तं पान हुंगीन.”

मी म्हणाले, “मग जित्तंच आनू.”

बोलून गेले. जित्तं पान वर्षाचे तीनशे पासष्ट दिवस, तेही आमच्या दुष्काळी खटाव तालुक्यात आणि चैत्र-वैशाखाच्या तोंडावर, म्हणजे काय, याचा विचार केला नव्हता.

चार वास मी ठरवले: पुदिना, गवती चहा, ओव्याचं जाड पान आणि कोथिंबीर. चारी उग्र आणि चारी त्यांच्या हाताखालनं गेलेले. घरामागं आमचं परडं आहे, चार खाटा मावतील एवढं. एका कडेला शेवगा, दुसऱ्या कडेला न्हाणी. आजवर त्यात दोन झेंडू आणि एक कढीपत्ता याशिवाय काही नव्हतं. जमीन मुरमाड. कुदळ मारली की ठिणगी उडेल अशी.

पाणी यायचं ते शेतातल्या विहिरीवरनं, मोटर लावून, पाइपनं. मी रोपं आणली, धने पेरले, आणि त्याच आठवड्यात शिवाराला वीज देणारी डीपी जळाली. शिवारातली सगळी लाईट गेली. लोक आज येईल, उद्या येईल म्हणत होते. पंधरा दिवस झाले तरी नवी डीपी आली नाही. विहिरीतही तळाला गढूळ घोटभर पाणी उरलं होतं, त्यामुळं मोटर असून तरी काय फरक पडला असता कुणास ठाऊक. गावच्या नळाला एक दिवसाआड पाणी. ते प्यायला आणि भांड्यांना. त्यातनं तांब्या-तांब्या वाचवून मी परड्यात ओतायचे. वरनं ओतलं की मुरूम एका घोटात पिऊन टाकायचा, आणि तासाभरानं तिथं पाणी पडलं होतं असं कुणाला सांगूनही पटलं नसतं.

पुदिना आठ दिवसांत वाळला. गवती चहाच्या पात्यांची टोकं तपकिरी झाली. कोथिंबीर उगवलीच नाही. बाजारातनं जुडी आणली तर घरी येईपर्यंत ती उकडल्यासारखी व्हायची. तीन दिवस मामंजींना हुंगायला नुसतं ओव्याचं एक पान होतं. तिसऱ्या दिवशी त्यांनी ते पान माझ्या हातात परत दिलं.

“सोड, पोरी. हितं मान्साला पानी न्हाई आन् नाकाला कुठनं आनतीस?”

त्यांचा आवाज चिडका असता तर मी सोडलं असतं. तो समजुतीचा होता, म्हणून मला सोडवेना. शिवाय मी नदीकाठची. आमच्याकडं हळदीच्या वाफ्यात पाय ठेवला तर घोट्यापर्यंत जातो. लग्नात मावशी म्हणाली होती, ‘त्या माळावर पोरीच्या हातानं गवतसुद्धा उगवायचं नाही.’ ते कुठंतरी रुतून बसलं होतं.

वडूजच्या बाजारात मडकी घेऊन एक कुंभारमामा बसतात. मी पाण्याचा डेरा बघत होते. खाली ठेवलेल्या डेऱ्याभोवतीची माती ओली होती, आणि त्या ओलीत कुठलंसं तण हिरवंगार उगवलं होतं. बाकी सगळा बाजार फुफाट्यानं भरलेला, आणि तेवढंच वीतभर हिरवं. मी मामांना विचारलं, “मामा, मडकं जमिनीत पुरलं तर?”

ते हसले. “आवं, जुनी मान्सं नारळाच्या बुडात पुरायची की. आता कोन करतंय? मोटरी आल्या.”

मी घरातली आणि शेजारपाजारची जुनी मडकी गोळा करून पुरली. निम्म्या मडक्यांतलं पाणी चार दिवस झालं तरी हललं नाही. परत मामांकडं गेले. त्यांनी एका मडक्यावर बोट फिरवलं आणि पांढरा थर दाखवला. “बोअरच्या पान्याचा क्षार बसलाय. मडक्याची तोंडं मिटली. ह्याला घाम यायचा न्हाई.” मग त्यांनी भट्टीतली कमी भाजलेली, रंग न चढलेली, कुणी विकत न घेतलेली मडकी काढून दिली. “पान्याला ही बेकार, कारन पाझरत्यात. तुमाला पाझरनारीच पायजेत न्हवं?”

त्या मडक्यांत पाणी भरून मी ती आधी उन्हात ठेवून बघितली. थोड्या वेळात पोटावर थेंब जमायला लागले. मला अजून आठवतं, मी एकटीच परड्यात उभी राहून त्या घामाला हात लावत होते आणि हसत होते.

गळ्यापर्यंत मडकं पुरायचं, भोवती शेणखत आणि चाळलेली माती, तोंडावर चपटा दगड. पाणी खालनं मुळाला जातं, वर ऊन पीत नाही. दोन-तीन दिवसांनी पुन्हा भरायचं. तेवढ्याला भाजी-तांदूळ धुतलेलं पाणी, गाळून घेतलेलं, पुरेसं व्हायचं. साबणाचं पाणी मात्र मी एकदाच घातलं. पुदिन्यानं लगेच मान टाकली. पुन्हा ती चूक केली नाही.

माहेरी फोन केला. दादा म्हणाला, “अगं, पाचट काय करायचंय तुला? आमी त्येला काडी लावतो.” उसाची वाळकी पानं म्हणजे पाचट. मी म्हणाले, “काडी लावू नगंस, मला पाठव.” तो छोट्या टेंपोत भरून स्वतःच घेऊन आला आणि परडं बघून त्याला हसू आवरेना. “एवढ्याशा तुकड्याला टेंपोभर पाचट? अगं, आमच्याकडं बांधावर एवढी जागा सोडतो आमी.” पण जेवण झाल्यावर शर्ट काढून त्यानंच माझ्याबरोबर ते पसरलं, हातभर जाड. वर शेवग्याची विरळ सावली होतीच. शिवाय माझ्या दोन फिक्या साड्या बांबूला ताणून बांधल्या. शेजारीण म्हणाली, “परड्यात मांडव घातलाय, कुनाचं लगीन हाय?”

कोथिंबिरीनं सगळ्यांत जास्त छळलं. उन्हाळ्यात ती उगवत नाही, उगवली तर वीतभर व्हायच्या आत फुलावर जाते. धने चपलेखाली रगडून दोन फोडी करायच्या, रात्रभर भिजवायचे, ओल्या फडक्यात बांधून माठाच्या बुडाशी ठेवायचे, हे आईनं फोनवरनं सांगितलं. पण वासाला रोज ताजं पान पाहिजे होतं. म्हणून मी सगळे धने एकदम पेरायचे सोडून दिले. दर बाजाराच्या दिवशी एकच ओळ पेरायची, मडक्याच्या एका बाजूनं दुसऱ्या बाजूपर्यंत. एक ओळ खुडायला आली की तिच्या मागची बोटभर, तिच्या मागची नुकती दोन पानांवर. फुलावर जाऊ देईन तर शपथ. ओळ संपली की तिथं शेणखताची मूठ आणि पुढची ओळ.

वैशाख सरता सरता, शिवारात एक पान हिरवं नसताना, मी चारी वास एका ताटलीत घालून मामंजींपुढं ठेवले. त्यांनी कोथिंबिरीच्या काड्या उचलल्या, उन्हाकडं धरून बघितल्या. नाकाला लावायच्या आधीच त्यांचे डोळे भरले होते.

“बाजारातली न्हाई ही,” ते म्हणाले. “देठ बग कसा कुरकुरतोय.”

वास काही आला नाही. पण त्या दिवसापासून त्यांनी खाडा केला नाही.

न्हाणीच्या दगडावर बसून ते डोळे मिटायचे. मी एकेक पान चुरडून हातात द्यायचे, न सांगता. ते हुंगायचे, आठवायचे आणि नाव सांगायचे. “पुदिना.” मी म्हणायचे, “गवती चहा, मामंजी.” “हां. फुडचं दे.” दिवसातनं दोनदा. चारांतला एखादा बरोबर यायचा, पण तो हाताच्या स्पर्शावरनं, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

पावसाळ्यात मला वाटलं, आता पाण्याची काळजी मिटली. पण आमच्याकडं पाऊस महाबळेश्वरासारखा कोसळत नाही, तो भुरभुरत राहतो, आणि त्या ओलीत गोगलगाई निघाल्या. एका रात्रीत त्यांनी दोन ओळी कोथिंबीर खाल्ली. सकाळी मी परड्यात गेले तर नुसते देठ उभे. मामंजी दारात आले, त्यांनी बघितलं आणि आत गेले. मला वाटलं, आता म्हणतील, सोड. ते धोतर खोचून आणि डालड्याच्या डब्यात मिठाचं पाणी घेऊन बाहेर आले.

“दुश्मन कुठनं येतंय ते आदी बगायचं,” ते म्हणाले.

पाचटाखालनं येत होता. आम्ही पावसापुरतं पाचट काढून एका बाजूला ढीग केला. मडक्यांतलं पाणी उपसलं, कारण आता मुळं कुजायची भीती. कोथिंबीर तेलाच्या रिकाम्या डब्यांत घालून दगडांवर उचलली. मामंजींनी बांबूची चौकट उभारून वर जुना प्लास्टिकचा कागद तिरपा ताणला, बाजू मोकळ्या. त्यांच्या गाठी मी बघतच राहिले, प्रत्येक गाठ एका हिसक्यात सुटेल अशी. सकाळ-संध्याकाळ ते वाकून गोगलगाई वेचायचे. ज्या माणसानं जन्मात परड्यात पाय टाकला नव्हता तो म्हणायला लागला, “पोरी, दोन नंबरच्या ओळीत मर लागली बग, रोपं माना टाकत्यात.” जेवण अजून मातीच लागत होतं त्यांना, पण भूक लागायला लागली होती.

श्रावणात नवी डीपी बसली. नवऱ्याचा फोन आला, “आता लाईट आलीया, विहिरीला पानी आलंय. मी सुट्टीवर आलो की परड्यात पाइप टाकू. ठिबक करू. मडकी कशाला भरत बसतीस?”

मी म्हणाले, “नको. तुमच्या मोटरीला लाईट लागते, माझ्या मडक्याला नाही. तुम्ही या आणि बघा.”

असं ठाम बोलणं मला आधी जमायचं नाही. फोन ठेवल्यावर माझंच मला नवल वाटलं. मामंजी ओसरीवरनं ऐकत होते. ते मिशीत हसले.

दिवाळीनंतर थंडी पडली. ओव्याच्या पानांना थंडी सोसत नाही, ती काळवंडायला लागली. आमची पाणी तापवायची चूल न्हाणीबाहेर भिंतीला लागून आहे. ती भिंत दुपारपर्यंत कोमट राहते. ओवा कुंड्यांत काढून मी त्याच भिंतीच्या परड्याकडच्या अंगाला ठेवला आणि उबेला भोवती कोरडं पाचट घातलं.

एका सकाळी मी आत भाकरी थापत होते. मामंजी पुढच्या ओसरीवर बसलेले. मधे दोन खोल्या. अचानक त्यांचा आवाज आला, खूप दिवसांनी तसाच, करडा.

“पोरी, कायतरी जळतंय.”

मी तव्याकडं बघितलं. भाकरी ठीक होती. “न्हाई मामंजी.”

“जळतंय म्हनतो न्हवं!”

आणि ते उठून चालत नव्हे, पळत परड्याकडं गेले. मी मागोमाग. चुलीतली एक ठिणगी भिंतीच्या कोपऱ्यावरनं उडून पाचटात पडली होती. ज्वाळा नव्हती, नुसता धुराचा बारीक दोरा, पाचट आतल्या आत पेटत चाललेलं. तिथनं हातभर अंतरावर पावसात रचलेला पाचटाचा ढीग आणि त्याच्यावर साडीचा मांडव. मामंजींनी न्हाणीतली पाण्यानं भरलेली बादली उचलून ओतली, दुसरी ओतली, पायानं पाचट विस्कटलं. मी ओव्याच्या कुंड्या ओढून घेतल्या. सगळं मिनिटा-दोन मिनिटांत आटोपलं.

मग आम्ही दोघं धापा टाकत उभे राहिलो. आणि त्यांच्या तोंडाकडं बघता बघता मला उमगलं. त्यांना माझ्या आधी उमगलं होतं. त्यांचा हात नाकावर गेला होता.

“मला वास आला,” ते म्हणाले. “आत बसून मला वास आला, पोरी.”

मी त्यांच्या पाया पडले. का पडले ते मला सांगता येणार नाही. ते म्हणत होते, “आगं, भाकरी बग, भाकरी करपंल,” आणि रडत होते. भाकरी करपलीच. तिचाही वास त्यांना आला.

त्यानंतर सगळं एकदम सुरळीत झालं असं नाही. नाक परत आलं ते वेडंवाकडं. पुदिना रॉकेलसारखा यायचा, कोथिंबीर साबणासारखी. ते तोंड फिरवायचे. साताऱ्याला फोन करून विचारलं, तर डॉक्टरीणबाई खूश झाल्या. म्हणाल्या, “चुकीचा वास हीसुद्धा चांगली खूण आहे. नाक रस्ता शोधतंय. सराव चालू ठेवा.” गवती चहा सगळ्यांत आधी सरळ झाला. एका सकाळी त्यांनी पातं हातात घ्यायच्या आतच, मी कोपऱ्यात खुडत असताना, तिथनंच नाव सांगितलं. पुदिना संक्रांतीच्या सुमाराला. कोथिंबिरीनं होळीपर्यंत वाट बघायला लावली. रुपयातले बारा आणे परत आले, असं ते स्वतः म्हणतात. अजून हिंगाचा वास त्यांना नीट येत नाही.

उन्हाळ्याच्या सुरुवातीला वडूजला माजी सैनिकांचा मेळावा होता. तो म्हातारा सोबती घरी आला आणि म्हणाला, “उस्ताद, कढई तुमची.” मामंजींनी माळ्यावरनं झाऱ्या-डावाचं गाठोडं खाली काढलं. मग म्हणाले, “येतो. पन माजी सून संगं येनार. माज्या नाकात चार आने कमी हायत, ते तिच्याकडं हायत.”

मेळाव्यासाठी मुद्दाम एकदम पेरलेल्या चार ओळी मी त्या दिवशी पहाटेच खुडल्या. ओल्या गोणपाटात गुंडाळून पाटीत ठेवल्या. मेळाव्याला पोचेपर्यंत ऊन चढलं होतं, बाजारातल्या जुड्या माना टाकून पडल्या होत्या. मी गोणपाट उलगडलं तर माझी कोथिंबीर परड्यात होती तशीच ताठ. माणसं गोळा झाली. एक शेतीखात्यातले साहेब पाहुणे म्हणून आले होते, त्यांनी विचारलं, “शेडनेट आहे का तुमचं? मोटर किती एचपीची?”

मी काही बोलायच्या आत मामंजी म्हणाले, “मोटर बिटर कायबी न्हाई, साहेब. मडकी हायत. आन् ही हाय.”

एवढे लोक बघत असताना माझ्याकडं बोट करून कुणी असं बोललं नव्हतं. माझ्या नवऱ्याला फौजेत बिल्ला मिळाला होता तेव्हा त्याला कसं वाटलं असेल, ते मला त्या दिवशी कळलं. मी मान खाली घातली नाही. साहेबांना सगळं सांगितलं, मडक्यापासून गोगलगाईपर्यंत. ते पुढच्याच आठवड्यात वही घेऊन परडं बघायला आले, आणि खरंच कुठं मोटरीची तार दिसते का म्हणून शेवग्याच्या मागंसुद्धा डोकावून गेले.

आता गावातल्या बऱ्याच घरांमागं मडकी पुरलेली आहेत. कुंभारमामा मुद्दाम कमी भाजलेली मडकी वेगळी काढून ठेवतात. बाळाला कफ झाला की बायका ओव्याच्या पानाला माझ्याकडं येतात, पाहुणे आले की गवती चहाला. मी कुणाला नाही म्हणत नाही, एक अट घालते. पान नेलं तर येताना धुतल्या तांदळाचं तांब्याभर पाणी आणायचं. आणतात.

मला मात्र दवण्यानं तीन हिवाळे हुलकावणी दिली. मामंजींची आई वेणीत दवणा माळायची, असं ते एकदा जेवताना बोलून गेले होते. त्यांना तो वास पुन्हा घ्यायचा होता, पण मागितला नव्हता. पहिल्या वर्षी रोपं उन्हानं गेली, दुसऱ्या वर्षी पाणी जास्त झालं, तिसऱ्या वर्षी का गेली ते कळलंच नाही. या हिवाळ्यात मी मडक्यापासून दोन वीत लांब, नुसत्या वाळूमिश्रित मुरमात लावला, जिथं ओल जेमतेम पोचते. तो धरला. राखाडी-हिरवा, केसासारखा बारीक. आज सकाळी पहिला शेंडा खुडून मी काही न सांगता त्यांच्या तळव्यावर ठेवला. त्यांनी तळवा नाकाशी नेला, डोळे मिटले, आणि बराच वेळ उघडलेच नाहीत. मी पाण्याची घागर घेऊन पुढच्या मडक्याकडं गेले.